पैशांच्या पत्रकारितेचे पुरस्कार: पहिल्यांदा प्रवेशिका भरताय त्यांच्यासाठी

बचत, विमा, कर्ज, निवृत्तिवेतन, शेअर, म्युच्युअल फंड अशा विषयांवर लिहिणाऱ्या नवोदित पत्रकाराच्या हाती पुरस्काराची जाहिरात पडते तेव्हा तो दोन गोष्टी आधी बघतो: रक्कम किती आणि मुदत कधी. तिसरी गोष्ट बघायची राहून जाते, आणि या क्षेत्रात सगळ्यात आधी बघायची ती हीच. पुरस्कार देतंय कोण?

तिथूनच सुरुवात करू.

आधी पुरस्काराचीच चौकशी करा

या क्षेत्रातले काही पुरस्कार पत्रकारांच्या संघटना देतात, काही विद्यापीठं देतात, काही विश्वस्त संस्था. पण बरेचसे पुरस्कार बँका, फंड कंपन्या, विमा कंपन्या किंवा त्यांच्या व्यापारी संघटना देतात. म्हणजे ज्यांच्या कारभारावर तुम्ही लिहायचं, तेच तुमच्या लिखाणाला गुण देणार. क्रीडा पत्रकाराला एखाद्या संघाच्या मालकाने 'उत्कृष्ट समीक्षक' ठरवावं, त्यातला हा प्रकार.

म्हणून असा प्रत्येक पुरस्कार टाकाऊ, असं मात्र नाही. या विषयातला सर्वांत मानाचा समजला जाणारा अमेरिकेतला जेराल्ड लोब पुरस्कार १९५७ मध्ये सुरू झाला तो एका शेअर दलालामुळेच. लोब हे ई. एफ. हटन या दलाली पेढीचे भागीदार. छोटा गुंतवणूकदार आणि सामान्य माणूस यांना माहिती देणारी, त्यांचं संरक्षण करणारी बातमीदारी वाढावी, हा त्यांचा हेतू होता. १९७३ पासून या पुरस्काराचा कारभार लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली अँडरसन व्यवस्थापन संस्था बघते. पैसा दलालीच्या धंद्यातून आला, पण निवड त्या धंद्याच्या हातात राहिली नाही. पुरस्काराची पत इथेच ठरते.

तेव्हा प्रवेशिकेचा अर्ज उघडण्याआधी नियमावली आणि मागच्या तीन-चार वर्षांची विजेत्यांची यादी काढा. परीक्षकांची नावं जाहीर केली आहेत का, त्यांत काम करणारे किंवा निवृत्त पत्रकार किती आणि प्रायोजकाची माणसं किती, हे पाहा. मग विजेत्या बातम्यांचे विषय वाचा. फंड कंपन्यांच्या संघटनेने दिलेल्या पुरस्कारात फंडांच्या शुल्कावर, कमिशनवर, चुकीच्या विक्रीवर बोट ठेवणारी एकही बातमी कधी निवडली गेली नसेल, आणि दरवर्षी 'गुंतवणुकीची सवय कशी लावावी' असेच लेख जिंकत असतील, तर तो पुरस्कार तुमच्या पत्रकारितेचा नाही, त्यांच्या जनसंपर्काचा आहे. तिथे जिंकलात तरी पुढे त्याच कंपन्यांवर लिहिताना ते मानचिन्ह टेबलावर अडचणीचं होऊन बसेल. जिथे दहा-बारा वर्षांत प्रायोजकाला झोंबणारी एखादी तरी बातमी जिंकलेली आहे, तिथे जायला हरकत नाही.

आणखी एक खूण. प्रत्येक प्रवेशिकेमागे घसघशीत शुल्क, भरमसाट विभाग आणि प्रत्येक विभागात सुवर्ण, रौप्य, कांस्य असे ढीगभर विजेते, शिवाय मानचिन्हाचे पैसे वेगळे. असा पुरस्कार विकत घेण्याचाच एक प्रकार असतो. शुल्क असणं यात गैर नाही, मोठ्या पुरस्कारांनाही ते असतं. विजेत्याकडून जिंकल्याबद्दल पैसे मागणं मात्र गैरच.

ओळखीची नावं

काही नावं माहीत असलेली बरी. अमेरिकेत अर्थपत्रकारांची 'सेब्यू' ही संघटना १९६४ मध्ये स्थापन झाली. 'बेस्ट इन बिझनेस' हे तिचे पुरस्कार १९९५ पासून आहेत. त्यांत न्यूजरूमच्या आकारानुसार गट पाडतात आणि विद्यार्थ्यांसाठीही विभाग असतो, त्यामुळे चार माणसांच्या संकेतस्थळाला थेट बलाढ्य दैनिकाशी झुंजावं लागत नाही. शोधपत्रकारितेसाठी बार्लेट आणि स्टील या जोडीच्या नावाचा पुरस्कार अॅरिझोना स्टेट विद्यापीठातलं अर्थपत्रकारिता केंद्र २००७ पासून देतं. ब्रिटनमध्ये स्तंभलेखक हॅरॉल्ड विन्कॉट यांच्या नावाची विश्वस्त संस्था १९६९ पासून आहे. भारतात रामनाथ गोएंका पुरस्कारांत अर्थ आणि उद्योग पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग असतो, आणि मुंबई प्रेस क्लबच्या रेडइंक पुरस्कारांतही या विषयाला जागा आहे.

अमेरिकेतल्या पत्रकारितेचा सर्वांत नावाजलेला पुरस्कार म्हणजे पुलित्झर. त्यात वैयक्तिक अर्थकारणाचा विभागच नाही. तरी लोकांच्या पैशांवरच्या बातम्यांनी तो अनेकदा जिंकलाय. २००२ मध्ये ग्रेचेन मॉर्गेन्सन यांना वॉल स्ट्रीटच्या वार्तांकनासाठी, २०११ मध्ये प्रोपब्लिका या ऑनलाइन वृत्तसंस्थेच्या दोन पत्रकारांना वित्तक्षेत्रातल्या व्यवहारांवरच्या लेखमालेसाठी. ही लेखमाला छापील स्वरूपात कधी आलीच नव्हती, आणि तशा लिखाणाला मिळालेलं ते पहिलं पुलित्झर. फक्त ऑनलाइन लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सांगायचा मुद्दा असा की 'पर्सनल फायनान्स' असं लिहिलेला विभाग दिसला की डोळे झाकून त्यात जाऊ नका. त्या विभागात सल्लावजा लेखांची गर्दी असते. तुमच्या लेखात एखाद्या कंपनीने दडवलेली गोष्ट उघड झाली असेल तर तो शोधपत्रकारितेत टाका. किचकट विषय उलगडून सांगितला असेल तर स्पष्टीकरणात्मक लेखनाच्या विभागात टाका. स्वतःचं मत असेल तर स्तंभलेखनात. एकच बातमी दोन विभागांत चालते की नाही हे नियमावलीत शोधा. जिथे चालत नाही तिथे दोन्हीकडे पाठवली तर दोन्हीकडून बाद होऊ शकते.

कोणती बातमी पाठवायची

हा लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा मागे जाऊ.

१९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी लोकांना ४५ दिवसांत ५० टक्के नफा देऊ करत होता. परदेशात आंतरराष्ट्रीय टपाल कुपनं स्वस्तात घ्यायची आणि अमेरिकेत ती जास्त किमतीच्या तिकिटांत बदलायची, असं तो आपल्या धंद्याचं गुपित सांगे. 'बोस्टन पोस्ट' या दैनिकाने २४ जुलैला त्याच्याबद्दल कौतुकाच्या सुरात बातमी छापली आणि पैसे भरणाऱ्यांची रांग आणखी लांबली. पण त्याच दैनिकाच्या वरिष्ठांना शंका आली. त्यांनी आर्थिक पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांना हिशेब तपासायला सांगितलं. बॅरन यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पाँझी आपले स्वतःचे पैसे आपल्याच योजनेत घालत नव्हता. आणि त्याने गोळा केलेल्या रकमेच्या मानाने सुमारे १६ कोटी कुपनं चलनात असायला हवी होती; प्रत्यक्षात होती जेमतेम २७ हजार. २ ऑगस्टला खुद्द पाँझीने नेमलेला प्रसिद्धीप्रमुख विल्यम मॅकमास्टर्स याने पाँझी दिवाळखोर असल्याचं 'पोस्ट'मध्येच लिहिलं. मग माँट्रियलमध्ये पाँझीला पूर्वी झालेली शिक्षा उजेडात आली. १९२१ चं सार्वजनिक सेवेचं पुलित्झर बोस्टन पोस्टला मिळालं.

शंभर वर्षांपूर्वीची ही बातमी आजही प्रवेशिकेच्या मापाला नेमकी बसते. वाचकाचे पैसे थेट पणाला लागलेले होते. पुरावा असा होता की शाळेतल्या मुलालाही तो पडताळून बघता यावा: हवीत इतकी, आहेत इतकी. आतली माहिती असलेला माणूस नावानिशी बोलला. जुनी सरकारी कागदपत्रं सापडली. आणि आपणच आदल्या आठवड्यात छापलेल्या कौतुकाच्या बातमीचा मुलाहिजा दैनिकाने ठेवला नाही. या शेवटच्या गोष्टीला परीक्षक फार मान देतात.

तुमच्या वर्षभराच्या कात्रणांवर हीच कसोटी लावा. ही बातमी वाचून कुणाचा पैसा वाचला, किंवा वाचू शकला असता? त्यातला मुख्य हिशेब परक्या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा मांडता येतो का? ज्या दोन-तीन बातम्यांना 'हो' उत्तर येईल त्याच पुढे न्या. 'यंदाचे दहा सर्वोत्तम फंड' बाजूला ठेवा. कंपनीप्रमुखांच्या मुलाखती बाजूला ठेवा. बाजार वर जाईल की खाली याचे अंदाज तर पाठवूच नका, ते खरे ठरले असले तरी. अंदाज खरा ठरणं हे बातमीदारीचं कौशल्य नव्हे, हे परीक्षक जाणून असतात.

छोट्या विषयाला लाजू नका. कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा, पॉलिसी मध्येच सोडल्यास कापली जाणारी रक्कम, नॉमिनीचं नाव नसल्याने अडकून पडलेल्या ठेवी, मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून लावलेला दंड. असल्या विषयांत वाचकाचं नुकसान दाखवता येतं आणि हिशेब मांडता येतो. व्याजदर धोरणावरचा भारदस्त लेख कितीही चांगला असला तरी त्यात नेमकं कुणाचं काय गेलं, हे परीक्षकाला शोधत बसावं लागतं.

मोठा आवाका असलेल्या बातमीचंही एक उदाहरण देतो. २००७ चं सार्वजनिक सेवेचं पुलित्झर वॉल स्ट्रीट जर्नलला मिळालं. कंपन्यांच्या वरिष्ठांना मिळालेल्या स्टॉक ऑप्शनच्या (म्हणजे दिल्या दिवशीच्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्काच्या) तारखा नेमक्या शेअरचा भाव तळाशी असलेल्या दिवशीच पुन्हा पुन्हा कशा येतात, हा त्यांचा प्रश्न. हे केवळ नशिबाने घडण्याची शक्यता किती, हे त्यांनी मोजलं, आणि ती इतकी नगण्य निघाली की तारखा मागाहून टाकल्या गेल्याचा संशय झटकता येईना. नुकसान होत होतं ते इतर भागधारकांचं. आवाका मोठा, कसोटी पाँझीच्या बातमीचीच.

आकडे पुन्हा तपासा, छापून झालेले असले तरी

या विभागांत परीक्षक म्हणून बहुधा मुरलेले अर्थपत्रकार बसतात आणि त्यांचा डोळा पहिल्यांदा आकड्यांवर जातो. चांगल्या बातमीतलीही एक ढिली टक्केवारी तिला खाली ओढते.

व्याजदर ८ वरून १० टक्के झाला तर वाढ दोन टक्क्यांची नव्हे. ती दोन टक्केबिंदूंची, म्हणजे मूळ दराच्या मानाने २५ टक्क्यांची. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट, यांची सरासरी शून्य येते, पण १०० चे आधी १५० होतात आणि मग ७५ उरतात. कंपन्यांच्या पत्रकांत ही सरासरी हमखास असते आणि घाईत ती जशीच्या तशी बातमीत उतरते. ६ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल तर हाती खरी वाढ एक टक्क्याहून जराशी कमीच. फंडांच्या गटाची दहा वर्षांची कामगिरी सांगताना, त्या दहा वर्षांत बंद पडलेले किंवा दुसऱ्यांत विलीन केलेले फंड हिशेबात धरलेत का ते विचारा. धरले नसतील तर उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसते.

शुल्काचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा तरी स्वतः हाताने मांडून बघावा. १०० रुपये वर्षाला ७ टक्क्यांनी ३० वर्षं वाढले तर सुमारे ७६१ होतात. शुल्कापोटी दरवर्षी एक टक्का गेला आणि वाढ ६ टक्केच उरली, तर होतात सुमारे ५७४. 'फक्त एक टक्का' म्हणून सांगितलेल्या शुल्काने अखेरच्या रकमेचा जवळपास चौथा हिस्सा नेला. एखाद्या बातमीत हा असा हिशेब वाचकाच्या नेमक्या योजनेला लावून दाखवला असेल, तर ती बातमी प्रवेशिकेच्या ढिगात वर ठेवा. पाँझीचा ४५ दिवसांत ५० टक्के हा दावाही असाच मांडून पाहा: त्याच वेगाने पैसे फिरत राहिले तर वर्षात १०० चे २,६०० हून अधिक व्हायला हवेत. हे एक वाक्य बातमीत आलं की वाचकाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

तपासताना चूक सापडलीच, तर आधी बातमीत दुरुस्ती छापा, मग प्रवेशिकेचा विचार करा.

फाइल बातमीच्या पहिल्या दिवसापासून

जानेवारीत मुदत संपत आली की डिसेंबरपर्यंतची कागदपत्रं शोधायची, या धावपळीत निम्मा जीव जातो. त्यापेक्षा बातमीला हात घातलात की तिची एक फाइल उघडा. तिच्यात मूळ कागदपत्रं, माहिती मागवलेले अर्ज आणि आलेली उत्तरं, कंपनीला पाठवलेले प्रश्न आणि त्यांची वेळ-तारीख, मुलाखतींच्या नोंदी, हिशेबाची तक्ताफाइल (स्प्रेडशीट). तक्त्यात सूत्रं तशीच ठेवा, नुसते आकडे चिकटवू नका. सहा महिन्यांनी आपलाच आकडा कुठून आला हे आपल्याला सांगता येत नाही.

ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून बँक खात्याचे उतारे किंवा पॉलिसीची कागदपत्रं दिली, त्यांची परवानगी बातमीपुरती होती. परीक्षकांना पुरावा म्हणून ती पाठवायची तर पुन्हा विचारा, आणि खाते क्रमांक, पत्ते, सह्या झाकूनच पाठवा.

बातमी छापल्यावर काय काय घडलं तेही त्याच फाइलमध्ये तारखेनिशी टाकत जा. नियामकाचं परिपत्रक, कंपनीचा खुलासा, वाचकांची पत्रं, वकिलाची नोटीसही.

सोबतचं पत्र

बहुतेक पुरस्कारांत बातमीबरोबर एक-दोन पानांचं पत्र मागतात. परीक्षकाच्या हाती शंभरेक प्रवेशिका असतात, म्हणून पहिल्या चाळणीत हे पत्रच वाचलं जातं. आणि नेमकं इथेच आपल्याकडचे चांगले बातमीदारसुद्धा स्मरणिकेतल्या भाषेत शिरतात. उदाहरणार्थ:

'आमच्या वृत्तपत्राने वाचकांच्या हिताला नेहमीच प्राधान्य दिलं आहे. या सखोल लेखमालेतून कर्जदारांच्या ज्वलंत प्रश्नाला वाचा फोडण्यात आली असून तिला वाचकांचा उदंड प्रतिसाद लाभला.'

यात एकही माहिती नाही. समजा, बातमी कर्जाबरोबर लादलेल्या विम्याची आहे. मग पत्र असं सुरू होऊ द्या:

'घरासाठी कर्ज घेणाऱ्यांना विमा सक्तीचा असल्याचं सांगितलं जात होतं. तशी सक्ती कुठल्याही नियमात नव्हती. आम्ही कर्जदारांचे करार मिळवून एकेक तपासले. अनेकांच्या कर्जाच्या रकमेत विम्याचा हप्ता त्यांना न सांगता मिळवलेला होता आणि त्यावर ते पूर्ण मुदतभर व्याज भरत होते.'

करार किती तपासले, त्यांपैकी किती जणांचं असं झालं, एका कर्जदाराला एकूण भुर्दंड किती पडला, हे आकडे तुमच्या फाइलमधून लगेच पुढे यायला हवेत. मग माहिती मिळवायला काय अडचण आली ते थोडक्यात सांगा. विषयाची पार्श्वभूमी एका परिच्छेदात उरका. परीक्षक दुसऱ्या देशातला असू शकतो, त्याला तुमच्याकडचा नियामक कोण, त्या योजनेचा प्रकार कोणता, हे ठाऊक नसेल. प्रवेशिका दुसऱ्या भाषेत अनुवाद करून पाठवायची असेल तर अनुवाद संपूर्ण बातमीचा द्या, सारांश पाठवू नका, आणि लाख-कोटी दशलक्षांत बदलताना एक शून्य इकडचं तिकडे होत नाही ना, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

परिणामांबद्दल लिहिताना हात आखडता ठेवा. बातमीनंतर नियम बदलला, इतकं तुम्हाला ठाऊक असतं. बातमीमुळे बदलला हे सिद्ध करायचं तर नियामकाच्या कागदावर तसा उल्लेख हवा. परीक्षकांपैकी एखाद्याने त्याच विषयावर काम केलेलं असतं आणि फुगवलेला दावा त्याला लगेच कळतो.

परिणाम झालाच नसेल तरी बातमी मागे ठेवू नका. मे २००१ मध्ये मायकेल ओक्रँट आणि एरिन आर्व्हेडलंड या दोन पत्रकारांनी, वेगवेगळ्या नियतकालिकांत, लोकांचे पैसे गुंतवून देणाऱ्या अमेरिकेतल्या बर्नार्ड मॅडॉफचा परतावा इतकी वर्षं इतका एकसारखा कसा, असा प्रश्न छापून विचारला होता. मॅडॉफचा घोटाळा उघड झाला तो डिसेंबर २००८ मध्ये. २००१ च्या या बातम्यांची प्रवेशिका तेव्हाच कुणी भरली असती तर 'परिणाम' या रकान्यात काहीच लिहिता आलं नसतं. तो रकाना प्रामाणिकपणे रिकामा ठेवलेली प्रवेशिका चांगल्या परीक्षकाला खटकत नाही.

स्वतःचे हितसंबंध उघड करा

अर्थपत्रकाराने लिहिलेल्या ओळीने भाव हलू शकतो, म्हणून हा भाग इतर विषयांपेक्षा इथे जास्त कडक असतो. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये शेअरबाजारावर स्तंभ लिहिणारे फॉस्टर विनान्स आपल्या स्तंभात काय येणार हे छापण्याआधीच दलालांना सांगत. १९८५ मध्ये ते दोषी ठरले, आणि १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तिथपर्यंत कुणी जाणार नाही असं धरलं, तरी बारीकसारीक गोष्टी असतातच: ज्या फंडावर लिहिलं त्यात तुमचे किंवा घरच्यांचे पैसे, कंपनीच्या खर्चाने केलेला अभ्यासदौरा, लेखाखाली खातं उघडायची लिंक आणि तिच्यावर मिळणारं कमिशन. अर्जात विचारलं नसलं तरी हे लिहून द्या. आधी सांगितलेली गोष्ट खुलासा ठरते. निकालानंतर दुसऱ्याने काढलेली तीच गोष्ट लफडं ठरते.

बातमीवर आलेले आक्षेप, छापलेल्या दुरुस्त्या, कायदेशीर नोटिसा हेही जोडा. बातमीच्या खरेपणाला किंवा निष्पक्षतेला दिलं गेलेलं महत्त्वाचं आव्हान आणि त्यावरचं तुमचं उत्तर कळवणं पुलित्झरच्या नियमांत बंधनकारकच आहे. कंपनीने नोटीस पाठवली आणि दैनिक बातमीवर ठाम राहिलं, तर ती नोटीस लपवण्यासारखी नाहीच.

स्वतःचा परिचय लिहितानाही हीच शिस्त. १९८१ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या जॅनेट कुक यांना मिळालेलं पुलित्झर दोन दिवसांत परत करावं लागलं, कारण बातमीतला मुलगा त्यांनी मनानेच रचलेला होता. पण धागा सुटला कुठून? परिचयात लिहिलेली शैक्षणिक माहिती खोटी असल्याचं त्यांच्या आधीच्या दैनिकातल्या लोकांच्या लक्षात आलं, तिथून. पदवी अर्धवट राहिली असेल तर ती पदवी लिहू नका. लेखमालेत तिघांनी काम केलं असेल तर तिघांची नावं द्या, तक्ते करून देणाऱ्याचंही.

तांत्रिक गोष्टी

या कंटाळवाण्या असतात, पण प्रवेशिका सर्वाधिक बाद होतात त्या यांच्यामुळेच. लिंक सदस्यत्वाच्या भिंतीआड असेल तर परीक्षकांसाठी मोकळी लिंक किंवा पीडीएफ द्या. प्रसिद्धीची तारीख दिसली पाहिजे. लेखमालेत किती लेख चालतात ते बघा आणि तेवढे भरायलाच हवेत असं समजू नका; पाच चालत असतील आणि तीनच दमदार असतील तर तीनच पाठवा, कारण परीक्षक सर्वांत कच्चा लेख लक्षात ठेवतो. संपादकाची संमती लागते का हे आधी विचारा. मुक्त पत्रकार असाल तर लेखाचे हक्क कुणाकडे आहेत आणि शुल्क कोण भरणार, हे मुदतीच्या दिवशी ठरवायचे प्रश्न नव्हेत.

पत्र आणि अर्ज तुमच्या विषयाबाहेरच्या एका सहकाऱ्याला वाचायला द्या. बातमी कशाची आहे हे त्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर पत्र परत लिहा.

निकालानंतर

हरलात तर विजेत्यांच्या बातम्या शोधून वाचा. सेब्यूसारख्या संघटना विजेत्यांबद्दल परीक्षकांचे शेरे जाहीर करतात, पुलित्झरच्या संकेतस्थळावर अलीकडचं विजेतं लिखाण वाचायला मिळतं. एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा हे शेरे उपयोगी, कारण त्यांत नेमकं काय आवडलं ते सांगितलेलं असतं. तीच बातमी दुसरीकडे पाठवायला संकोच नको. एका परीक्षक मंडळाला न भावलेली बातमी दुसऱ्याला भावते.

जिंकलात, आणि पुरस्कार एखाद्या कंपनीच्या पैशातला असेल, तर रक्कम घेण्याआधी संपादकांशी बोला आणि त्या कंपनीवर पुढे लिहाल तेव्हा या पुरस्काराचा उल्लेख लेखाखाली करा. पुरस्काराची रक्कम घ्यायची नाही आणि मानपत्र तेवढं स्वीकारायचं, अशी वाटही काही न्यूजरूम काढतात. प्रायोजकाला तुमचं छायाचित्र आणि नाव जाहिरातीत वापरू द्यायचं की नाही, हे समारंभाआधी लेखी ठरवा. नंतर होर्डिंगवरून आपला चेहरा उतरवायला सांगणं फार जड जातं.

आणि बहुतेक पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छापलेल्या बातमीला परिणाम दाखवायला महिनाभरही मिळत नाही. लेखमाला वर्ष ओलांडून जात असेल, तर ती कोणत्या वर्षात धरायची याचा नियम पुरस्कारागणिक वेगळा असतो. शंका असेल तर आयोजकांना नोव्हेंबरातच पत्र लिहून विचारा, आणि त्यांचं उत्तर फाइलमध्ये ठेवा.